मातीचा कोट हाही किल्लाच : वऱ्हाडच्या पांढरीखाली दडलेला इतिहास

१/
१५ डिसेंबर १८०३. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड इंग्रजी फौजेच्या हाती पडला. निर्णायक हल्ला उत्तरेकडून झाला. गडाच्या इतर बाजूंना सातपुड्याचे तुटलेले कडे आहेत. उत्तरेकडे मात्र जमिनीची एक अरुंद पट्टी गडाला पठाराशी जोडते. बांधणाऱ्यांनी म्हणूनच या बाजूला बाहेरचा कोट घालून संरक्षण दुहेरी केले होते. स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा डोंगरांतून ओढत नेमक्या तेथेच आणल्या. गडाची मान कोठे आहे, हे दोन्ही पक्षांना पुरते ठाऊक होते.

२/
हे तत्त्व गाविलगडाहून फार जुने आहे. निसर्गाने जेवढे संरक्षण दिले तेवढे घ्यावे आणि उघडी राहिलेली बाजू माणसाने बंद करावी. आयर्लंड, कॉर्नवॉल आणि ब्रिटनी यांच्या किनाऱ्यांवर लोहयुगातील माणसांनी समुद्रात शिरलेली भूशिरे निवडली. तीन बाजूंना समुद्र. चौथ्या बाजूला, भूशिराच्या मानेवर, खंदक आणि मातीचा बांध. इ.स.पूर्व ५६ मध्ये ज्युलियस सीझर ब्रिटनीतील व्हेनेती लोकांशी लढला, तेव्हा त्यांच्या भूशिरांवरील ठाण्यांनी त्याला बेजार केले होते. भरतीच्या वेळी तेथे पायी पोहोचणेच अशक्य होई.

३/
यातील बांधकामशास्त्र साधे, पण विलक्षण हिशेबी आहे. खंदकातून निघालेली माती आतल्या कडेला रचली की तोच तट होतो. खंदक दोन मीटर खोल आणि तट दोन मीटर उंच असेल, तर हल्लेखोरासमोर चार मीटरांचा चढ उभा राहतो. दगडाची खाण नको, चुन्याची भट्टी नको. फावडे, टोपली आणि पुष्कळ हात एवढेच भांडवल. मात्र ते हात एका निर्णयाने एकत्र यावे लागतात. म्हणून मातीचा प्रत्येक तट ही संघटित समाजाची खूण ठरते.

४/
वऱ्हाडला समुद्र नाही, नद्या आहेत. नदीचे वळण किंवा दोन नद्यांचा संगम हे जणू जमिनीवरचे भूशिरच. अकोला जिल्ह्यातील बाळापूरचा किल्ला पाहावा : मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील उंचवट्यावर तो उभा आहे. आजचा विटांचा किल्ला १७५७ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे इतिहासाच्या मानाने अलीकडचा. परंतु जागा निवडणाऱ्याची दृष्टी तीच, पुरातन.

५/
मातीच्या तटाचे भव्य रूप पाहायचे तर वऱ्हाडाच्या पूर्वेला, वैनगंगेकाठच्या पवनीला जावे लागते. भंडारा जिल्ह्यातील या प्राचीन नगरीला एका अंगाने नदीचे संरक्षण आहे. उरलेल्या बाजूंना मातीचा प्रचंड तट आणि खंदक. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले आणि प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. आज गावात शिरणारा प्रवासी तो तट एखादी लांबट टेकडी समजून ओलांडतो.

६/
नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यातले अडम हे दुसरे उदाहरण. १९८८ नंतर अमरेंद्र नाथ यांनी केलेल्या उत्खननात मातीच्या तटाने आणि खंदकाने वेढलेले नगर समोर आले. तेथील एका मृण्मुद्रेवर अस्सक जनपदाचे नाव कोरलेले आढळले. बौद्ध वाङ्मयातील सोळा महाजनपदांच्या यादीत येणारे हे नाव! ग्रंथांतले जनपद विदर्भाच्या मातीत असे हाताला लागले.

७/
याहून मागे, ताम्रपाषाणयुगातही महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी मातीचे बांध घातले होते. प्रवरेकाठच्या दायमाबादला जोर्वे काळातील मातीच्या तटाचा पुरावा मिळाला, तर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला तट, खंदक आणि पाण्याचा पाट. म्हणजे सह्याद्रीच्या शिखरांवर गड उभे राहण्याच्या दोन-अडीच हजार वर्षे आधी या भूमीत ‘कोट’ होते.

८/
हे तट शत्रूसाठी होते की पुरासाठी? अभ्यासक हा प्रश्न वारंवार विचारतात आणि तो रास्तही आहे. नदीकाठचा बांध दोन्ही अडवतो. परंतु एकाच उत्तराचा हट्ट धरणे ही आजच्या मनाची सवय आहे. ज्याला गुरे, धान्याची पेवे आणि लेकरे वाचवायची होती, त्याला चालून येणारी टोळी आणि श्रावणातला पूर यांत फारसा भेद करण्याचे कारण नव्हते.

९/
आता खुद्द वऱ्हाडात यावे. येथे शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. पांढरी मात्र शतकानुशतकांच्या पडक्या भिंती, राख, शेण आणि खापरे मिसळून झालेली. तीच पुन्हा भिंतींना आणि धाब्याच्या छपरांना वापरली जाते. पांढरीचे टेकाड म्हणजे एकावर एक रचलेल्या गावांची चळतच.

१०/
अमरावती जिल्ह्यातील दोन टेकाडे याची साक्ष देतात. रुक्मिणीचे माहेर म्हणून ख्यात असलेल्या वर्धाकाठच्या कौंडिण्यपूरला मोरेश्वर दीक्षित यांनी १९६०च्या दशकात उत्खनन केले. चांदूरबाजार तालुक्यातील तुळजापूर गढी येथे १९८४-८५ मध्ये बा. पु. बोपर्डीकर यांना ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. या दुसऱ्या नावातील ‘गढी’ हा शब्द बोलका आहे. वऱ्हाडातील पाटील-देशमुखांच्या मातीच्या गढ्या पुष्कळदा अशा जुन्या पांढरीवरच उभ्या राहिल्या. आयती उंची आणि आयती माती दोन्ही तेथेच होती.

११/
आणि येथेच धोका आहे. पांढरी खतासारखी शेतात पसरली जाते. घरासाठी, भरावासाठी नेली जाते. पूर्वी बैलगाडीने जेवढे वर्षभरात जाई, तेवढे आज जेसीबी एका सकाळी नेतो. दगडी बुरूज ढासळला तर त्याचे चिरे तरी पडून राहतात. मातीचा तट सपाट झाला की त्याची जागा दाखवायलाही काही उरत नाही. यात शेतकऱ्याला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्या मातीत काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

१२/
कायदा आहे : केंद्राचा १९५८चा आणि राज्याचा १९६०चा. पण संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्थळांनाच त्याचे कवच मिळते. घोषणा होण्यासाठी आधी कोणीतरी ते स्थळ ‘स्थळ’ म्हणून ओळखावे लागते. अडचण नेमकी या ओळखीचीच आहे.

१३/
जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तो सर्वथा उचितच. परंतु किल्ला म्हटला की काळा पाषाण, दरवाजा, तोफ आणि एका राजाचे नाव, ही प्रतिमा इतकी घट्ट झाली आहे की निनावी माणसांनी टोपल्यांनी रचलेला तट इतिहासप्रेमींच्याही नजरेतून निसटतो. राजाचे नाव नसणे ही त्या तटाची उणीव मानली जाते. वास्तविक तेच त्याचे महत्त्व आहे : तो कोणा एकाचा नाही, संपूर्ण वस्तीचा आहे.

१४/
गाविलगड आणि नरनाळा चढणाऱ्या तरुणांनी म्हणून वर्षातून एक दिवस आपल्याच तालुक्यातील पांढरीला द्यावा. टेकाडाचे स्थान, नदीचे वळण, कापलेल्या कडेत दिसणारे थर यांची छायाचित्रे घ्यावीत. खापर उचलून घरी नेऊ नये. जागेवरून हलले की ते निम्मे मुके होते. नोंद पुरातत्त्व विभागाला आणि ग्रामपंचायतीला द्यावी. गावातील म्हाताऱ्यांना त्या टेकाडाचे नाव विचारावे.

१५/
दगडाचा किल्ला स्वतःची साक्ष स्वतः देतो. मातीच्या कोटाला साक्षीदार लागतो. तो वेळेवर मिळाला नाही, तर वऱ्हाडच्या पहिल्या दुर्गकारांचा इतिहास कोणाच्या तरी वावरात खत म्हणून पसरलेला असेल.