रोमँटिक कवितेतील शहर : एका सोयीस्कर सूत्राविरुद्ध

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत एक सूत्र वर्षानुवर्षे निर्वेधपणे वावरत आले आहे : रोमँटिक कवी निसर्गाकडे व खेड्याकडे धाव घेतो, शहराकडे पाठ फिरवतो, आणि मराठी कवितेत शहर अवतरते ते मर्ढेकरांच्या ‘काही कविता’मध्ये (१९४७). सूत्र आटोपशीर आहे, परीक्षेस उपयुक्त आहे आणि चुकीचे आहे. त्याने कवितांचे वाचन तर बिघडवले आहेच. शिवाय पातूर-मूर्तिजापूरकडून वर्गात येणाऱ्या वाचकाला त्याने साहित्याच्या नकाशाबाहेर ठेवले आहे.

प्रथम या सूत्राच्या माहेरी, इंग्रजी कवितेत, त्याची अवस्था पाहावी. ब्लेकची ‘लंडन’ ही कविता १७९४ ची. तिच्या अवघ्या १६ ओळींत शहर प्रामुख्याने ऐकू येते. धुराडी साफ करणारी पोरे, शिपाई, रात्रीच्या रस्त्यावरची वेश्या यांच्या आवाजांतून चर्च, राजवाडा व विवाहसंस्था यांच्यावरील आरोपपत्र सिद्ध होते. वर्ड्‌स्वर्थचे वेस्टमिन्स्टर पुलावरील सुनीत १८०२ ची तारीख मिरवते. त्यात शहर केवळ दिसते : पहाट आहे, धूर नाही, माणसे झोपेत आहेत. ते सुंदर आहे, कारण त्याचा दिवस अद्याप सुरू झालेला नाही. परंतु याच कवीने ‘प्रिल्यूड’च्या सातव्या सर्गात बार्थोलोम्यूच्या जत्रेचा कोलाहल चितारला आणि छातीवर आपली कहाणी लिहिलेला कागद लावलेला आंधळा भिकारीही उभा केला. म्हणजे विरोध दोन कवींमध्ये आहे तसाच एका कवीच्या आतही आहे. ब्लेक त्या दशकात लॅम्बेथमध्ये राहून कोरीवकामावर पोट भरत होता. वर्ड्‌स्वर्थ त्या पहाटे फ्रान्सच्या वाटेवर गाडीतून पूल ओलांडत होता. पाहणारा कोठे उभा आहे, कोणत्या वेळी पाहतो आहे आणि शहराशी त्याचा व्यवहार कोणता, यांवर चित्र ठरते. ‘रोमँटिक’ या शिक्क्यावरून त्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आता केशवसुतांकडे वळावे. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता कोकणच्या ओढीची म्हणून शिकवली जाते, आणि ते खरेच आहे. परंतु ही ओढ घर सोडून दूर गेल्याविना जन्मत नाही. चाकरीसाठी, शिक्षणासाठी गाव सोडलेल्या पिढीची ती जाणीव आहे. गावी गेलेल्या मित्राची बंद खोली पाहून लिहिलेल्या कवितेत तर ‘खोली’ हा शब्दच नव्या नागर जीवनाचा आहे : वाडा नव्हे, घर नव्हे, सुटीत बंद होणारी खोली. मजुराच्या उपासमारीवरील त्यांची कविता १८८९ ची आहे. या कविता निसर्गकवितेच्या प्रकरणात बसवता येत नाहीत म्हणून ‘सामाजिक कविता’ या वेगळ्या कप्प्यात टाकल्या जातात, आणि सूत्र शाबूत राहते.

येथे एक आक्षेप संभवतो. मर्ढेकरांची यंत्रयुगीन भाषा केशवसुतांत कोठे आहे? ती नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मर्ढेकरांनी शहराला नवी भाषा दिली. परंतु भाषा नवी झाली म्हणून विषयही त्याच दिवशी जन्मला असे होत नाही. दुसरे असे की, १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवींनी शहरात राहून खेड्याचे गोडवे गायिले, हेही नाकारता येत नाही. गिरीशांची ‘आंबराई’ त्याची साक्ष देते. दोष असा की, या पिढीवरून काढलेला निष्कर्ष समीक्षेने तीस-चाळीस वर्षे मागे नेऊन केशवसुतांवर लादला.

रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवले की, खेडे आणि शहर यांचा विरोध रंगवताना त्यांना बांधणारा आर्थिक संबंध झाकला जातो. वऱ्हाडात हे सिद्धान्ताने शिकवावे लागू नये. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने येथील कापसाला परदेशी बाजारात भाव आणला; १८६७ पर्यंत मुंबईचा लोहमार्ग अकोल्यावरून नागपुरास पोहोचला. मुंबईची संपत्ती आणि वऱ्हाडची काळी माती एकाच व्यवहाराची दोन टोके झाली. ज्या प्रदेशाने त्या शहराला कापूस पुरवला, त्याच प्रदेशातील विद्यार्थ्याला ‘शहर हा तुझ्या अनुभवाबाहेरचा विषय’ असे सुचवणारी समीक्षा इतिहासालाच पारखी आहे.

आणि पातूरचे काय करावयाचे? अकोला-वाशीम रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. प्राचीन लेणी, जुन्या नोंदींतले ‘पातूर शेखबाबू’ हे नाव, नगरपरिषद, तालुक्याची कचेरी : खेड्याच्या व्याख्येत ते बसत नाही, महानगरही नाही. सूत्राला त्याच्यासाठी जागा नाही, म्हणून तेथील वाचक स्वतःला कधी खेडूत समजून आदर्शीकरणात शिरतो, कधी शहरी समजून उसनी ऊब किंवा उसना वैताग आणतो. १९८३ साली अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झाले. अभ्यासक्रम ठरवण्याची संधी तेव्हापासून येथील अध्यापकांच्या हाती आहे. ब्लेक, वर्ड्‌स्वर्थ व केशवसुत एकाच तासिकेत ठेवून ‘पाहणारा कोठे उभा आहे?’ एवढा प्रश्न विचारला, तरी पातूरच्या विद्यार्थ्याला उत्तर देण्याइतका अनुभव आहे, हे वर्गात दिसून येईल. तो प्रश्न टाळून सूत्रच पाठ करून घ्यावयाचे असेल, तर त्यास काव्याध्यापन म्हणण्याचे कारण नाही.