लाल दिवा आणि आमची घाई

वाचकहो, आम्ही कारकुनी करणारी माणसे. दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका काढतो. आज आमचीच एक चूक सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात मेहकरहून लग्न आटोपून चिखलीस परतत होतो. जीप वस्तीतल्याच एका तरुणाची. कर्ज काढून घेतलेली जुनी गाडी. पाच माणसांचे पोट तिच्यावर. वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला. तो म्हणाला, "काका, थांबू का?" आम्ही म्हणालो, "वायर ढिली असेल. घर आलंच आता, चल." गावाच्या अलीकडे इंजिन खडखडले अन् बंद पडले.

मिस्त्रीने चेंबर उघडून दाखवले. इंजिनाच्या तळाशी, चेंबरात ऑइल असते. पंप ते जाळीतून ओढतो व फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोहोचवतो. दाब गेला की मधला ऑइलचा थर नाहीसा होतो, धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात बेअरिंग जळते. इथे पंपाचे दात झिजलेले, जाळी गाळाने बुजलेली. दिवा लागताच थांबलो असतो, तर पंप आणि ऑइलवर भागले असते. आता क्रँक ग्राइंडिंगला गेली, बेअरिंगही नवी. महिनाभर गाडी उभी. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाही. अर्धा खर्च आम्ही दिला. तो उपकार नव्हता, देणे होते.

चालक बंधूंनो, दिवा लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद करा. काही वेळाने पट्टीने ऑइल पाहा. ते पुरेसे असूनही दिवा विझत नसेल तर गाडी ओढून न्या. आधी मीटर लावून दाब मोजायला सांगा. कधी दिव्याचा स्विचच खराब असतो, मग पंपाचा खर्च वाचतो. पंप बदलताना जाळी व चेंबर धुऊन घ्या, गॅस्केट, फिल्टर व ऑइल नवे टाका. नवा पंप बसवण्यापूर्वी त्यात ऑइल भरायला विसरू नका. कोरडा पंप ऑइल लवकर ओढत नाही. बेअरिंग झिजलेली असेल तर नुसता पंप बदलून दाब येणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि गाडीत बसणाऱ्यांनो, चालकाने "थांबू का?" विचारले, तर आमच्यासारखे "चल" म्हणू नका. खाली उतरा. घरी तासभर उशिरा पोहोचाल. त्याच्या घरची चूल चालू राहील.