शस्त्र नवे, कसोटी जुनीच

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीला एकाच वेळी दोन भयांशी झुंजावे लागते. एक मृत्यूचे, दुसरे अवयव गमावण्याचे. दुसऱ्या भयाची घरात सहसा वाच्यता होत नाही. म्हणून ते कमी दाहक ठरत नाही. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया या दुसऱ्या भयावर उतारा म्हणून पुढे आली आहे. मिलानच्या युरोपीय कर्करोग संस्थेतील डॉ. अंतोनियो तोएस्का व सहकाऱ्यांनी २०१५ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काखेजवळच्या लहानशा छेदातून रोगग्रस्त ऊती काढायच्या, त्वचा व स्तनाग्र राखायचे आणि लगेच कृत्रिम रोपण करायचे, अशी ही पद्धती. यंत्रमानव स्वतः काहीच ठरवीत नाही. काही अंतरावर बसलेल्या शल्यविशारदाच्या हातांची हालचाल तो अधिक सूक्ष्मतेने पार पाडतो, इतकेच.

या प्रगतीचे स्वागतच केले पाहिजे. तथापि व्रण दिसू नये एवढ्यावरच कर्करोगाची शस्त्रक्रिया यशस्वी ठरत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात लहान छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचे जगण्याचे प्रमाण पारंपरिक शस्त्रक्रियेपेक्षा कमी असल्याचे २०१८ साली एका मोठ्या चाचणीत आढळले. त्या शस्त्रक्रियांत यंत्रमानवाचा वापर झालेल्याही काही होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेतील यंत्रमानवाची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, असा इशारा दिला आणि २०२१ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. अवयव निराळा असला, तरी धडा एकच आहे: रोग परतला की नाही, हे वर्षानुवर्षे पाहिल्यावाचून कोणतेही तंत्र श्रेष्ठ ठरत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी याच कसोटीवर उतरणारे संशोधन केले. सुमारे १६०० स्त्रियांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती बधिरतेचे साधे इंजेक्शन दिल्यास पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर जाते, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. औषध जुने, खर्च नगण्य आणि लाभ थेट आयुष्याचा!

कोट्यवधींच्या यंत्राची जाहिरात होते. स्वस्त इंजेक्शनाची कोण करणार? म्हणूनच रुग्णाच्या कुटुंबाने यंत्राच्या नावाने दिपून न जाता शल्यविशारदाला स्पष्टपणे विचारावे, ‘यामुळे आमच्या माणसाचे आयुष्य वाढेल काय?’ या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी देणे, हाच वैद्यकाचा खरा धर्म होय.