झोप उडवणारे कार्ड

रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते, भूक मंदावली आहे. तपासण्यांत मात्र काही निघत नाही. वाळूज किंवा शेंद्र्याला नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाची अशी तक्रार असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा : क्रेडिट कार्डाचे किती थकले आहे?

पूर्वी उसने मागताना मान खाली घालावी लागे. कार्डाला तेवढाही संकोच लागत नाही, म्हणून ते कर्ज वाटतच नाही. काही कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागते. समजा ४०,००० रुपये थकले. व्याज १,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. ‘किमान रक्कम’ म्हणून २,००० भरले, तरी मूळ कर्ज जेमतेम ३४८ रुपयांनी घटते. मग दुसरे कार्ड निघते, आणि झोपेची गोळीही!

खर्च आपण केला, तेव्हा फेडण्याची जबाबदारीही आपलीच. पण जबाबदारी म्हणजे एकट्याने कुढणे नव्हे. कार्ड बाजूला ठेवा, हिशेब कागदावर मांडा, घरी सांगा, बँकेकडे हप्ते बांधून मागा. पालकांनीही आधी ऐकावे, मग रागवावे. वसुलीचे फोन सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे.

जीव नकोसा वाटू लागला, तर घाटीतील मानसोपचार विभाग गाठा किंवा १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोला. कर्ज फिटते, त्यासाठी माणूस मात्र राहिला पाहिजे.