टाकं, टँक आणि टँकर

नळदुर्गात बोरी नदीवर दगडी भिंत आडवी घालून मुख्य किल्ला आणि रणमंडळ हा जोडकिल्ला जोडलेत. त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली मीर इमादीनने तो बांधला, असं तिथला फारसी शिलालेख सांगतो. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळू लागलं की सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरची माणसं वाट वाकडी करून बघायला येतात. भिंतीमागे अडलेल्या या पाण्याला इंग्रजीत काय म्हणायचं? लंडनचा माणूस लेक म्हणेल. हिंदुस्थानात मुरलेला इंग्रज मात्र बिनदिक्कत ‘टँक’ म्हणाला असता. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणारा मेडोज टेलर अशाच मुरलेल्यांपैकी. याच रस्त्याने पुढे हैदराबादला गेलात, तर हुसेनसागराचा बांध आजही ‘टँक बंड’च आहे. टँक म्हणजे पत्र्याची पेटी नव्हे, बांधून अडवलेलं तळं, हा अर्थ इथल्या इंग्रजीत अजून जिवंत आहे.

आता मुद्दा. ‘टँक हा शब्द आपलाच, इंग्रजांनी आपलं टाकं उचललं’ असं अभिमानाने सांगितलं जातं. ते निराधार नाही. इंग्रजीचे मोठे कोश टँकच्या व्युत्पत्तीत गुजराती टांकूं आणि मराठी टांकें यांचा उल्लेख करतात. पण अर्धा पुरावा देऊन पूर्ण मालकी सांगता येत नाही. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या दैनंदिनीकाराने तिथल्या एका देवळातल्या बांधीव तळ्याला ‘तांक’ असं लिहून ठेवलंय. हा माणूस नुकता जहाजातून उतरलेला. किनारा मलबारचा, भाषा मल्याळम, तिथे तळ्याला ‘कुळम’ म्हणतात. मराठी-गुजरातीशी त्याचा संबंध येण्याआधीच त्याने शब्द वापरला, म्हणजे तो पोर्तुगालहून आणलेला होता. वाहतं पाणी थोपवणं या अर्थाच्या तिकडच्या एका क्रियापदाशी त्याचं नातं लावतात.

यावर कुणी म्हणेल, टाकं तर त्याहून जुनं, सह्याद्रीतल्या कातळाइतकं. कातळातली खोदीव टाकी जुनी आहेत, यात वाद नाही. शब्दाचं तसं नाही. कान्हेरी, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांत पाण्याची टाकी दान दिल्याचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे प्राकृत लेख आहेत आणि त्यांत शब्द येतो तो ‘पोढी’. दाता ज्याला पोढी म्हणाला, त्याच खड्ड्याला आज आपण टाकं म्हणतो. वस्तू तीच राहिली आणि नाव बदललं. मग टाकं आलं कुठून? संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. तिची मराठी टाकी झाली. हिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, तीच ही टाकी. टाकीने खोदलं ते टाकं, हे मनाला पटकन पटतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि तळं या अर्थाचा संस्कृत ‘तडाग’ हा दुसरा दावेदार आहेच. (शिवनेरीवर गंगा-जमुना ही टाकी, पाथरवटाच्या हातात टाकी आणि गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकची टाकी. परक्याला मराठी शिकवणाऱ्याची इथे खरी परीक्षा.)

दोन्हीकडून थोडं थोडं घेतलं असं म्हणणं ही पळवाट नव्हे का, असाही आक्षेप येईल. तडजोड म्हणून दोन उगम मानले असते, तर ती पळवाटच ठरली असती. इथे परिस्थितीच तशी होती. सतराव्या शतकात सुरत-मुंबईच्या किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या इंग्रजाच्या एका कानावर दलालांचं टांकूं-टांकें पडत होतं आणि दुसऱ्या कानावर पोर्तुगिजांचं तांक. ध्वनी जवळचे, अर्थही शेजारचे. त्याने कुठल्या कानाने शब्द घेतला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा शब्द दुहेरी उगमाचाच मानला. मला तोच निवाडा योग्य वाटतो.

पुढे या शब्दाने जे रंग दाखवले ते मालकीच्या भांडणापेक्षा मजेदार आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या अखेरीस इंग्रज लिंकन शहरात चिलखती गाड्या बनवत होते. गुपित फुटू नये म्हणून कामगारांना सांगितलं गेलं की या मेसोपोटेमियात पाणी वाहून न्यायच्या गाड्या आहेत. ‘वॉटर कॅरियर’ची आद्याक्षरं संडासाची निघतात म्हणून ते नाव बाद झालं आणि टँक ठरलं, असं सांगतात. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर त्या पहिल्यांदा उतरल्या आणि खोटं नाव कायमचं चिकटलं. मराठीने मात्र इथे उसनवारी केली नाही. स्वतःचा ‘रणगाडा’ घडवला. अहिल्यानगरच्या संग्रहालयातल्या त्या धुडांना पाहणारी मुलं आजही रणगाडाच म्हणतात.

जिथे मराठीने उसनं घेतलं, तिथे मात्र ते भरपूर वापरलं. टँकला शेपूट जोडून इंग्रजांनी केलेला टँकर मराठवाड्यातल्या मराठीइतका कुठल्याच भाषेत राबला नसेल. ‘टँकर लागला’ म्हणजे गावचं पाणी संपलं. टँकरवाडा, टँकरमुक्ती, टँकरची खेप, टँकर आला की हंडे-घागरी घेऊन उठलेली पळापळ: यातलं काहीही लंडनच्या इंग्रजीत नाही. एप्रिल २०१६ मध्ये तर टँकर रुळांवरही धावला: मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टाकं आणि तांक दोन्ही एका जागी थांबलेल्या पाण्याची नावं. टँकर मात्र पाणी जिथे थांबलं नाही तिथे जातो. म्हणून माझ्या लेखी टँकर आता मराठी शब्द आहे आणि मराठी कोशांनी त्याला स्वतंत्र नोंद द्यावी, त्याच्या या सगळ्या वाक्प्रचारांसकट.

कातळात खोदलेल्या टाक्याला तुमच्या गावात वेगळा शब्द असेल, तर तो गावाच्या नावासह जरूर कळवा. पोढीचा एखादा वंशज कुठे तग धरून असेल, तर तो मला हवाय.