वाघ मोजता, मग आपला भार कोण मोजणार?

गिरडकडं वाघ दिसल्याची बातमी आली की हिंगणघाटातले व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतात. प्रश्न एकच : 'हा इकडं आलाच कसा?' दोस्तांनो, प्रश्न जरा उलटा करून बघा. त्याच्या वाटेत आपण किती आलोय?

हे मोजता येतं. शास्त्रज्ञ त्याला 'ह्यूमन फूटप्रिंट' म्हणतात, माणसाचा ठसा. बांधकाम, शेती, चराई, लोकसंख्या, रात्रीचे दिवे, रेल्वे, रस्ते आणि जलमार्ग अशा आठ गोष्टींना गुण देऊन जमिनीच्या तुकड्यातुकड्याचा नकाशा बनतो. जलमार्ग सोडला तर आपल्याकडं सगळं हजर आहे. नागपूर-हैदराबाद हायवे, बल्लारशाकडं जाणारी रेल्वे, कपाशी-सोयाबीनची शेतं.

पण सगळा भार सारखा मारक नसतो. कपाशीच्या शेतातून वाघ रातोरात निघून जातो; करंटच्या तारेतून नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा. तरुण वाघ बाहेर पडणारच. 2017 मध्ये बोरमध्ये सोडलेली ब्रह्मपुरीची वाघीण शेताच्या विजेच्या तारेला चिकटून मेली. त्याच वर्षी बोरचा बाजीराव वाघ नागपूर-अमरावती हायवेवर गाडीखाली गेला. एक तार, एक रस्ता. दोन्ही मरणं जंगलाबाहेरची.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वाघ किती, हे मोजताच; पण करंट कुठं सोडतात, जनावरं रस्ता कुठं ओलांडतात, हेही गावनिहाय मोजा आणि पैसा आधी तिथं लावा. पेंचजवळ हायवेवर प्राण्यांसाठी पुलाखालून वाटा केल्या. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ जाताना टिपले गेलेत. म्हणजे योग्य जागी केलेला खर्च वाया जात नाही.

यात शेतकऱ्याला व्हिलन करू नका. रानडुकरं एका रात्रीत पीक लोळवतात. जागलीला जाणारा बाप तुमच्यापैकीही कुणाचा असेल, आणि लाइनवरून सोडलेला करंट माणूस-वाघ ओळखत नाही. झटका मशीन, सौर कुंपण हा पर्याय आहे. ते कोणत्या गावाला आधी मिळावं, हे नकाशाच सांगेल.

तो नकाशा काढायला मोबाइल पुरतो. रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं, तर जागा, तारीख, फोटो नोंदवा आणि वनखात्याला कळवा. वाघाचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्यापेक्षा हे जास्त कामाचं.