पावसाळी चपला घेण्याआधी थांबा!

पुण्यातल्या तमाम दुचाकीस्वारांनो,

जूनचा दुसरा आठवडा आला की पाऊस येईल. त्याच्या आधीच्या या आठ-दहा दिवसांत लक्ष्मी रोडपासून कॅम्पापर्यंत चपलांच्या प्रत्येक दुकानाबाहेर रबरी चपला आणि पावसाळी सँडल टांगलेल्या दिसतात. बूट भिजतात, वाळत नाहीत, वास मारतात, म्हणून आपण ते चार महिने कपाटात टाकतो आणि हलकं, चटकन वाळणारं काहीतरी पायात सरकवून गाडी काढतो. कळकळीने सांगतो, यंदा तसं करू नका. गाडी घसरण्याचा धोका ज्या महिन्यांत सगळ्यात जास्त, नेमके त्याच महिन्यांत आपण सगळे पाय उघडे टाकून फिरतो. खरेदी अजून झाली नसेल, तर या रविवारी ती वेगळी करा. झाली असेल, तर त्या चपला घरापुरत्या आणि सोसायटीच्या गेटपुरत्या ठेवा.

पहिल्या सरीत आपल्या रस्त्यांचं काय होतं, हे नव्याने सांगायला नको. उन्हाळाभर मुरलेलं ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळून वर येते. चेंबरची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे, पर्जन्यवृक्षांखाली पडलेल्या चिकट शेंगा, डांबर संपून सिमेंट सुरू होतं तिथली उंच कड. ऑइल सांडलं, ओळीने गाड्या घसरल्या आणि अग्निशमन दलाने येऊन माती टाकली, ही बातमी शहरात दर पावसाळ्यात छापून येते. बातमीत शेवटी लिहिलेलं असतं, ‘काही जण किरकोळ जखमी’. या किरकोळ शब्दात किती घोटे आणि किती टाचा असतात, ते त्या घरांनाच माहीत.

असं पडताना पायाचं काय होतं, ते नीट डोळ्यांसमोर आणा. गाडीचा वेग ताशी पंचवीस-तीस, म्हणजे टिळक रोडवर सकाळी दहाला असतो तेवढाच. ओल्या झाकणावर पुढचं चाक सरकतं आणि गाडी डावीकडे कलते. डोकं काही ठरवायच्या आत डावा पाय बाहेर पडतो, कारण सायकल शिकल्यापासून अंगात तेच भिनलेलं आहे. चप्पल रस्त्याला टेकते आणि तिथेच राहते, पाय मात्र पुढे जातो. आता अनवाणी पाऊल डांबरावर आहे आणि वरून शंभर किलोंपेक्षा जड स्कूटर त्याच्यावर येते आहे. बुलेट असेल तर दोनशे किलोंच्या आसपास. घोटा आत मुडपतो, गाडीची कड पावलावर बसते आणि गाडी थांबेपर्यंत पाय तिच्याखाली फरपटत जातो. हे सगळं दीड-दोन सेकंदांत उरकतं. समोरून ट्रक आलेला नसतो, कोणी सिग्नल तोडलेला नसतो. चालवणाऱ्याची चूकही नसते.

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात, त्यांच्यावर फक्त कातडी असते, मांस नाही, चरबी नाही. नडगीच्या खालच्या भागाचंही तसंच. झाकायला मांस कमी आणि रक्तपुरवठाही बेताचा, त्यामुळे तिथली जखम रेंगाळते, हाड जुळायला वेळ लागतो, कातडी दुसरीकडून आणून लावावी लागते. टाचेच्या तळाची गादी तर शरीरात दुसरीकडे कुठेच नाही. ती फाटली तर तशीच्या तशी पुन्हा बसवता येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पुढचं वाक्य दोनदा वाचा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर सायलेन्सरचा चटका किंवा बोटाची ठेच लागल्याचं कळतसुद्धा नाही, आणि कळेपर्यंत जखम चिघळलेली असते.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती, हा सरकारी आकडा आहे. हेल्मेटचं महत्त्व त्यातच आहे आणि हेल्मेटला पर्याय नाही. पण जी माणसं वाचतात, त्यांच्या पायांचा हिशेब या आकड्यात नाही. पट्टी आणि स्क्रू बसवलेला घोटा घेऊन दीड-दोन महिने पाय न टेकवता घरात बसणं, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसणं, हातावरचं पोट असणं, पुढे प्रत्येक थंडीत तो सांधा ठणकणं. जीव वाचल्याच्या आनंदात हे सगळं ‘थोडक्यात निभावलं’ या सदरात जमा होतं.

आता कायद्याबद्दल. चप्पल घालून गाडी चालवली म्हणून दंड होतो, अशी अफवा मध्यंतरी पसरली होती. तसा दंड नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने तसा जाहीर खुलासाच केला होता. त्याच वर्षाच्या जानेवारीत हेल्मेटसक्तीला या शहरात किती विरोध झाला, ते आपल्याला आठवतं. सक्ती म्हटली की पुणेकर उभा राहतो. पण इथे पावती फाडणारं कोणी नाही, सक्तीही नाही आणि म्हणून विरोध करायला समोर कोणी नाही. ज्याचा पाय त्यानेच ठरवायचं आहे. म्हणूनच हे आवाहन पोलिसांना नाही, तुम्हाला आहे.

मोटारसायकलचे बूट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लडाखला जाणारे रायडर येतात आणि पाच हजारांच्या पुढची किंमत ऐकून विषय तिथेच संपतो. पण तो तिथे संपायला नको. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या परिसरात २००८-०९ मध्ये अपघात झालेल्या दोनशेवर मोटारसायकलस्वारांचा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की मोटारसायकलसाठी न बनवलेले, पण घोटा झाकणारे साधे बूट घालणाऱ्यांनासुद्धा पावलाच्या आणि घोट्याच्या इजेचा धोका शूज किंवा स्पोर्ट शूज घालणाऱ्यांपेक्षा निम्म्याहून कमी होता. आणि ही तुलना शूजशी आहे, चपलेशी नाही. मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच: महागडा बूट नसला तरी चालेल, पण घोटा उघडा नको.

मग दुकानात गेल्यावर काय बघायचं? आधी घोट्याची दोन्ही हाडं बोटांनी चाचपा. बुटाचा काठ त्यांच्या वर निदान दोन बोटं यायला हवा. नंतर बुटाची टाच मागून अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा आत गेला तर तो बूट ठेवून द्या. दोन्ही हातांत धरून, ओलं फडकं पिळतात तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर गाडीखाली सापडल्यावर तुमचा पायही तसाच पिळला जाणार. चवड्याच्या रुंद भागावर दोन्ही बाजूंनी दाब द्या, सोल मध्ये दुमडला नाही पाहिजे. वरचा भाग चामड्याचा किंवा जाड कापडाचा असावा. स्पोर्ट शूजची जाळी डांबरावर क्षणात फाटते. सोल रबरी, खोल नक्षीचा हवा. गुळगुळीत, कडक प्लास्टिकचा सोल ओल्या फरशीवर कसा सरकतो, ते दुकानाच्या पायरीवर पाणी टाकून तिथेच बघा. दुकानदार रागावला तर रागावू दे. नाड्या असतील तर त्यांचे फास आत खोचता आले पाहिजेत, कारण फूटरेस्टमध्ये अडकलेली नाडी सिग्नलला पाय टेकू देत नाही. आणि शेवटी बाहेर उभ्या असलेल्या आपल्याच गाडीवर बसा. बुटाचं नाक गिअरच्या दांडीखाली जातंय ना, ब्रेकवर पाय न बघता पडतोय ना? ते जमत नसेल तर बूट कितीही भक्कम असो, तुमच्या गाडीसाठी तो नाही.

पैसे असतील त्यांनी खास मोटारसायकलचे, गावात घालता येतील असे आखूड बूट जरूर घ्यावेत. नाना पेठेत आणि रायडिंगच्या सामानाच्या दुकानांत ते मिळतात. आत ‘ईएन १३६३४’ असा युरोपियन मानकाचा शिक्का शोधा. त्याखाली १ किंवा २ असे चार आकडे असतात. ते बुटाची उंची, घासटणं, कापणं आणि दोन्ही बाजूंनी चेपणं सोसण्याची ताकद सांगतात. २ असेल तिथे ताकद जास्त.

एवढं परवडत नसेल तर कारखान्यात घालतात ते सेफ्टी शूज. घोट्याच्या वर येणारा जोड, आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ हा क्रमांक बघून घ्या. हजार-दीड हजारात मिळतो. त्याची नाकाची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे वीस किलोंचं वजन साधारण मीटरभरावरून पडलं तरी. पोलादी टोपीने बोटं तुटतात, ही भीती सोडून द्या. जो भार ती टोपी चेपवेल, तो उघड्या बोटांचं काय करील? अडचण एकच आहे, नाक जाड असतं, म्हणून गिअरची दांडी थोडी वर करून घ्या. मेकॅनिक ते पाच मिनिटांत करून देतो.

घरातले जुने बूट काढणार असाल तर आधी सोल वाकवून बघा. दोन-तीन वर्षं कपाटात पडून राहिलेला सोल वरून धडधाकट दिसतो आणि भर रस्त्यात भुगा होऊन सुटतो. कोपऱ्यावरच्या गटई स्टॉलवर सोलला कडेने शिलाई मारून घ्या आणि डाव्या बुटाच्या नाकावर चामड्याचा एक तुकडा लावून घ्या, गिअरने तो फाटणार नाही.

ओले बूट ही आपली खरी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण तिच्यावर उपाय आहे. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत ठेवा. रात्री आतला तळवा बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि बूट पंख्याखाली ठेवा. चामडं असेल तर आठवड्यातून एकदा पॉलिश. गमबूट हा उपाय नाही. तो पायाला धरून बसत नाही, ओढला की निघून येतो. बुटावर चढवायची प्लास्टिकची पिशवी तर तळाशी गुळगुळीत होऊन घात करते. आणि चपला, त्या डिकीत असू द्या. ऑफिसात पोचलात, देवळात गेलात, लग्नाच्या हॉलवर उतरलात की खुशाल कोल्हापुरी घाला. फक्त गाडी चालवताना नको.

मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळी विनंती. स्कार्फ, कोपरापर्यंतचे हातमोजे, सनकोट, इतकी काळजी घेऊन बाहेर पडणारी बाई मी पुण्याइतकी कुठे पाहिली नाही. त्याच काळजीतली थोडी पायांच्या वाट्याला येऊ द्या. बारीक पट्ट्यांची सँडल आणि टाचेचे बूट पाय टेकवताना आधी दगा देतात. साडीखाली, सलवारीखाली घोट्यापर्यंतचा सपाट बूट दिसतही नाही, आणि दिसला तर दिसला.

शाळा उघडतायत. मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकाच्या तारांत जाणं, हा हाडांच्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा अपघात आहे. त्यात टाचेची कातडी सोलून निघते आणि कधी टाचेमागची जाड शीर तुटते. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारा गार्ड आणि मागच्याला पाय ठेवायला फूटरेस्ट मोटारसायकलला असलाच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२३ मध्ये लिहिलेलं आहे. तरीही गाडी देखणी दिसावी म्हणून गार्ड काढून टाकलेला दिसतो. तो आजच बसवून घ्या. मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नसतील तर त्याला मागे एकटं बसवू नका. पावसाळ्यात सँडलची मुभा देणाऱ्या मुख्याध्यापकांनाही सांगणं आहे, जी मुलं दुचाकीवरून येतात त्यांना बूटच घालून पाठवा म्हणून पालकांना लिहा आणि वर्गात ओले बूट काढून ठेवायला जागा द्या.

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांतल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनो, शॉप फ्लोअरवर सेफ्टी शूजशिवाय तुम्ही माणसाला पाऊल टाकू देत नाही. तोच माणूस शिफ्ट सुटल्यावर लॉकरमध्ये ते शूज ठेवतो, चप्पल घालतो आणि कंटेनर-ट्रेलरच्या मधून मोटारसायकलने घरी जातो. त्याला ते बूट घरी नेऊ द्या. शक्य असेल तर दुसरा जोड द्या. घरोघर जेवण आणि सामान पोचवणाऱ्या कंपन्यांनाही हेच मागणं आहे. त्यांची मुलं दिवसभर भर पावसात स्लिपरवर गाडी हाकतात. टी-शर्ट आणि बॅगेइतकाच बुटांचा आग्रह धरा, पण त्याचा खर्च त्या मुलांच्या कमाईतून कापू नका.

आणि पादत्राणांच्या दुकानदारांनो, गिऱ्हाईक पावसाळी चप्पल मागायला आलं की त्याच्या हातात गाडीची किल्ली आहे का बघा. असेल तर आधी घोट्यापर्यंतचा रबरी सोलचा बूट काढून दाखवा. तुमच्याइतकं नेमक्या वेळी हे त्याला दुसरं कोणीच सांगू शकणार नाही, आणि त्यासाठी तुमच्या हातात फक्त हे दहा दिवस आहेत.